टन (पिंप)

टन हे द्राक्षमद्य, तेल, मध इत्यादी द्रवपदार्थ साठवण्याचे मोठे लाकडी पिंप आणि त्यावरून ठरलेले आकारमानाचे जुने इंग्लिश परिमाण होय. मद्याच्या मापनात एक टन म्हणजे २५२ गॅलन, म्हणजेच सुमारे ९५४ लीटर. वजनाचा टन, जहाजांचा टनभार आणि वातानुकूलन यंत्राच्या क्षमतेचा टन ही आज प्रचारात असलेली तिन्ही परिमाणे या पिंपाच्या नावापासून निघाली आहेत.

इंग्लिशमध्ये पिंपाचा टन आणि वजनाचा टन यांचे लेखन सुमारे तीन शतकांपासून वेगवेगळे केले जाते. मराठीत मात्र दोन्ही शब्द 'टन' असेच लिहिले जातात. त्यामुळे जुन्या व्यापारविषयक किंवा आरमारविषयक लेखनातील 'टन' हा वजन दर्शवतो की जागा, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. या लेखात पिंपासाठी आवश्यक तेथे 'टन-पिंप' असा शब्द वापरला आहे.

व्युत्पत्ती

हा शब्द जुन्या इंग्लिशमध्ये 'टुन्ने' आणि मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'टुन्ना' या रूपांत आढळतो. जर्मन, डच, फ्रेंच आणि स्कँडिनेव्हियन भाषांतही त्याची भावंडे आहेत. त्याचे मूळ केल्टिक भाषांत असावे असे अनेक कोशकार मानतात. आयरिश भाषेतील 'कातडे' या अर्थाच्या शब्दाशी ते त्याचा संबंध जोडतात. हा तर्क स्वीकारल्यास शब्दाचा आरंभीचा अर्थ मद्याची कातडी पिशवी, म्हणजे आपल्याकडील पखालीसारखे पात्र, असा होतो. पुढे ते नाव लाकडी पिंपाला मिळाले.

फ्रेंचमध्ये याच शब्दापासून पिंपासाठी 'तोनो' आणि लहान पिंपासाठी 'तोनेल' हे शब्द तयार झाले. 'तोनेल' शब्द इंग्लिशमध्ये आल्यावर तो पक्षी पकडण्याच्या नळीसारख्या जाळ्यासाठी वापरला गेला. नंतर त्याला बोगदा हा अर्थ आला. रेल्वेमुळे मराठीत रुळलेला 'टनेल' हा शब्द अशा रीतीने मूळचा पिंपवाचकच आहे.

पिंपाचे स्वरूप

टन-पिंप ओक वृक्षाच्या फळ्यांचे बनवत. फळ्या उष्णतेने वाकवून एकमेकींशी जुळवीत आणि बाहेरून लाकडी किंवा लोखंडी कड्यांनी आवळीत. मधला भाग फुगीर ठेवल्यामुळे पिंप आडवे केल्यावर जमिनीला अगदी थोड्या ठिकाणी टेकते. त्यामुळे कित्येक मणांचे भरलेले पिंप एकदोन माणसांना लोटत नेता येई आणि जागच्या जागी फिरवता येई. चाकांची गाडी किंवा मोठी यारी नसलेल्या धक्क्यावर हा गुण फार मोलाचा होता.

पूर्ण टनाचे एकच पिंप जहाजावर चढवणे अवघड असे. म्हणून प्रत्यक्ष वाहतुकीत बहुधा अर्ध्या किंवा पाव टनाची पिंपे वापरली जात आणि हिशेब मात्र टनात ठेवला जाई. टन अशा प्रकारे हळूहळू एका विशिष्ट पात्रापेक्षा हिशेबाचे एकक बनला.

मापश्रेणी

इंग्लंडच्या संसदेने १४२३ मध्ये केलेल्या कायद्यात मद्याच्या टनाचे माप २५२ गॅलन आणि त्याच्या मुख्य भागांची मापे निश्चित करण्यात आली. पुढील काळात रूढ असलेली मद्यमापांची श्रेणी पुढीलप्रमाणे होती. लीटरमधील आकडे २३१ घन इंचांच्या मद्य-गॅलनवरून काढलेले आणि पूर्णांकात दिलेले आहेत.

टन – २५२ गॅलन – ९५४ लीटर
पाइप किंवा बट (टनाचा अर्धा) – १२६ गॅलन – ४७७ लीटर
पंचन (टनाचा तिसरा हिस्सा) – ८४ गॅलन – ३१८ लीटर
हॉग्झहेड (टनाचा चौथा हिस्सा) – ६३ गॅलन – २३८ लीटर
टिअर्स (टनाचा सहावा हिस्सा) – ४२ गॅलन – १५९ लीटर
बॅरल (टनाचा आठवा हिस्सा) – ३१ १/२ गॅलन – ११९ लीटर
रंडलेट (टनाचा चौदावा हिस्सा) – १८ गॅलन – ६८ लीटर

२५२ या संख्येला २, ३, ४, ६, ७, ९, १२ आणि १४ या संख्यांनी निःशेष भाग जातो. त्यामुळे अर्धा, तिसरा, चौथा आणि सहावा हिस्सा काढताना अपूर्णांक येत नाही.

बिअर आणि एल या पेयांची मापे निराळी होती. त्यांचा गॅलन २८२ घन इंचांचा असून बॅरल व हॉग्झहेड यांचे गॅलनही वेगळे असत. म्हणून जुन्या कागदपत्रांत 'एक हॉग्झहेड' एवढाच उल्लेख असल्यास आत कोणते पेय होते हे कळल्याशिवाय त्याचे लीटर सांगता येत नाहीत.

इतिहास

बोर्दोचा मद्यव्यापार

टनाला मिळालेल्या महत्त्वाचे मुख्य कारण इंग्लंड आणि नैर्ऋत्य फ्रान्स यांमधील मद्यव्यापार हे होय. ॲक्विटेनची वारसदार एलेनॉर हिचा विवाह ११५२ मध्ये हेन्रीशी झाला आणि हा हेन्री ११५४ मध्ये इंग्लंडचा राजा झाला. त्यामुळे बोर्दोसह गॅस्कनी प्रांत इंग्लिश राजाच्या ताब्यात आला. १४५३ मधील कास्तियोंच्या लढाईपर्यंत हा संबंध टिकला. चौदाव्या शतकाच्या आरंभी एखाद्या चांगल्या वर्षी या भागातून सुमारे १ लाख टन-पिंपे मद्य बाहेर जाई.

हा माल जवळजवळ संपूर्णपणे समुद्रमार्गे जात असल्याने जहाजमालक, व्यापारी आणि राजाचे जकात अधिकारी या तिघांनाही एकच एकक सोयीचे होते. जहाजाचे भाडे टनावर ठरे, मालाची किंमत टनावर ठरे आणि करही टनावर घेतला जाई. बोर्दोच्या ठोक मद्यव्यापारात ९०० लीटरचा 'तोनो' आजही भाव सांगण्याचे एकक आहे. तो २२५ लीटरच्या चार पिंपांएवढा असतो.

मापांच्या एकरूपतेची मागणी याच काळातील आहे. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या ३५ व्या कलमात संपूर्ण राज्यात मद्याचे एकच माप, एलचे एकच माप आणि धान्याचे एकच माप असावे असे म्हटले आहे.

टनावरील कर आणि संसद

इंग्लंडच्या राजाला आयात मद्यातून ठरावीक पिंपे घेण्याचा जुना हक्क होता. दहा ते एकोणीस टन मद्य आणणाऱ्या जहाजातून एक टन आणि वीस किंवा त्याहून अधिक टन आणणाऱ्या जहाजातून दोन टन राजासाठी घेतले जात. दोन टनांपैकी एक डोलकाठीच्या पुढचा आणि एक मागचा असे. पहिल्या एडवर्डने १३०२ मध्ये गॅस्कनीच्या व्यापाऱ्यांना आणि १३०३ मध्ये इतर परदेशी व्यापाऱ्यांना या वसुलीतून मुक्त केले. त्याऐवजी प्रत्येक टनामागे दोन शिलिंगांचा कर बसवला.

चौदाव्या शतकात याशिवाय 'टनेज आणि पाउंडेज' हा कर सुरू झाला. त्यात मद्याच्या प्रत्येक टनावर आणि इतर मालाच्या प्रत्येक पौंड किमतीवर ठरावीक रक्कम द्यावी लागे. समुद्राच्या रक्षणाचा खर्च भागवणे हा त्याचा घोषित हेतू होता. हा कर घेण्याची परवानगी संसद देत असे. पंधराव्या शतकात ती राजाला तहहयात देण्याची प्रथा पडली.

पहिला चार्ल्स १६२५ मध्ये गादीवर आला, तेव्हा कनिष्ठ सभागृहाने ही परवानगी केवळ एका वर्षासाठी देऊ केली. राजाने संसदेच्या संमतीशिवायच कराची वसुली चालू ठेवली. २ मार्च १६२९ रोजी सभागृहाचे कामकाज तहकूब होऊ नये म्हणून काही सदस्यांनी सभापतींना त्यांच्या आसनावर धरून ठेवले. संसदेने मंजूर न केलेला हा कर वसूल करण्याचा सल्ला देणारा किंवा तो स्वेच्छेने भरणारा देशाचा शत्रू समजावा असा ठराव त्या वेळी संमत झाला. त्यानंतर चार्ल्सने अकरा वर्षे संसदेविना राज्य केले. संमतीशिवाय हा कर घेणे बेकायदेशीर असल्याचे १६४१ च्या कायद्याने स्पष्ट केले. यादवी युद्धाकडे नेणाऱ्या घटनाक्रमात मद्यपिंपावरील कराचा हा वाद महत्त्वाचा मानला जातो.

गॅलनचा वाद

कर टनावर आणि टन गॅलनवर अवलंबून असल्याने गॅलन नेमका किती मोठा, हा प्रश्न महसुलाचा होता. सतराव्या शतकात मद्याचा गॅलन २३१ घन इंचांचा समजला जाई. परंतु १६८८ मध्ये लंडनच्या गिल्डहॉलमध्ये ठेवलेले प्रमाण-पात्र मोजले असता ते सुमारे २२४ घन इंचांचेच भरले. सरकारी कोषागारातील गॅलन तर सुमारे २८२ घन इंचांचा होता.

१७०० मध्ये एका आयातदारावर खटला भरण्यात आला. त्याने स्पेनमधून आणलेल्या प्रत्येक पिंपात १२६ गॅलनांहून अधिक मद्य असून कर मात्र १२६ गॅलनांचाच भरला, असा आरोप होता. कायद्याने प्रमाण मानलेला गॅलन कोषागारातील मोठा गॅलन आहे आणि त्या मापाने आपले मद्य जास्त भरत नाही, असा बचाव त्याने केला. सरकारला हा खटला पुढे नेता आला नाही. अखेर राणी ॲनच्या कारकिर्दीत, १७०७ मध्ये, २३१ घन इंच हा मद्य-गॅलन कायद्याने निश्चित झाला. सात इंच व्यास आणि सहा इंच उंचीच्या वृत्तचितीचे घनफळ, पाय २२/७ धरल्यास, बरोबर २३१ घन इंच येते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी हाच गॅलन पुढे चालू ठेवला. ब्रिटनने मात्र १८२४ च्या कायद्याने दहा पौंड पाण्यावर आधारलेला 'इंपीरियल' गॅलन स्वीकारला आणि तो १ जानेवारी १८२६ पासून अमलात आला. नव्या मापाने जुना टन सुमारे २१० गॅलनांचा झाला. ब्रिटिश आणि अमेरिकी गॅलनांत आज दिसणारा फरक या निर्णयाचा परिणाम आहे.

पिंप मोजण्याची रीत

फुगीर पिंपाचे घनफळ काढणे सोपे नव्हते. बंदरावरील मापारी बुचाच्या छिद्रातून खुणा केलेली काठी तिरपी आत घालीत आणि ती तळाच्या टोकापर्यंत किती बुडते त्यावरून आतील द्रवाचा अंदाज काढीत. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याने १६१३ मध्ये लिंत्स येथे आपल्या दुसऱ्या विवाहाच्या वेळी मद्य विकत घेतले. विक्रेत्याने वेगवेगळ्या आकारांच्या पिंपांसाठी एकच काठी वापरल्याचे त्याच्या लक्षात आले. तिरपी लांबी तीच असली तरी पिंप बुटके की लांबट यानुसार घनफळ बदलू शकते. या प्रश्नाचा विचार करून त्याने १६१५ मध्ये मद्यपिंपांच्या घनफळावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वक्र आकाराचे अगदी लहान भाग पाडून त्यांची बेरीज करण्याची त्यातील पद्धत पुढे विकसित झालेल्या कलनशास्त्राची पूर्वपीठिका मानली जाते.

वजनाचा टन

२५२ मद्य-गॅलन पाण्याचे वजन सुमारे ९५४ किलोग्रॅम, म्हणजे जवळपास २,१०० पौंड होते. त्यात लाकडाचे वजन मिळवले की भरलेल्या टन-पिंपाचा भार २,००० पौंडांच्या बराच वर जातो. एका टन-पिंपाएवढा भार या अर्थाने वजनाचा 'टन' रूढ झाला आणि त्याची पुढे तीन रूपे स्थिरावली. ब्रिटिश किंवा 'लाँग' टन २,२४० पौंडांचा (सुमारे १,०१६ किलोग्रॅम), अमेरिकी किंवा 'शॉर्ट' टन २,००० पौंडांचा (सुमारे ९०७ किलोग्रॅम) आणि मेट्रिक टन १,००० किलोग्रॅमचा असतो. भारतात १९५६ च्या कायद्यानुसार मेट्रिक पद्धती स्वीकारली गेल्यानंतर व्यवहारात मेट्रिक टन प्रचलित झाला.

जहाजांचा टनभार

जहाजात किती टन-पिंपे मावतात यावरून त्याचे आकारमान सांगण्याची पद्धत मध्ययुगात पडली. म्हणजे '१०० टनांचे जहाज' याचा मूळ अर्थ '१०० टन-पिंपे मद्य वाहणारे जहाज' असा होता. जहाजाचे स्वतःचे वजन असा अर्थ त्यात नव्हता.

पिंपांच्या गोलाईमुळे त्यांच्या मधली जागा वाया जाते. म्हणून एका टनाला जहाजात लागणारी जागा त्यातील मद्याच्या घनफळापेक्षा जास्त धरावी लागे. फ्रान्सच्या १६८१ च्या सागरी अध्यादेशाने जहाजाचा टन ४२ फ्रेंच घनफूट, म्हणजे सुमारे १.४४ घनमीटर ठरवला. बोर्दोच्या चार पिंपांना लागणारी ही जागा होती.

प्रत्येक जहाजात पिंपे भरून पाहणे शक्य नसल्याने इंग्लंडमध्ये सूत्रे वापरली जाऊ लागली. १७७३ च्या कायद्यातील सूत्रानुसार जहाजाच्या लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करून येणाऱ्या संख्येस रुंदीने व रुंदीच्या निम्म्याने गुणत आणि गुणाकारास ९४ ने भागत. या सूत्रात जहाजाची खोली प्रत्यक्ष मोजली जात नसे, ती रुंदीच्या निम्मी गृहीत धरली जाई. साहजिकच कमी शुल्क भरून जास्त माल नेण्यासाठी अरुंद व खोल जहाजे बांधण्याकडे कल वाढला आणि अशी जहाजे समुद्रात कमी स्थिर असत.

१८५४ च्या ब्रिटिश व्यापारी नौकानयन कायद्याने जॉर्ज मूरसम यांची पद्धत स्वीकारली. तीत जहाजाच्या आतील जागा प्रत्यक्ष मोजून १०० घनफुटांस (सुमारे २.८३ घनमीटर) एक 'रजिस्टर टन' मानले गेले. टनभाराच्या मापनाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९६९ मध्ये लंडन येथे झाला. तो १८ जुलै १९८२ रोजी अमलात आला आणि १९९४ पासून जुन्या जहाजांनाही लागू झाला. या करारानुसार 'सकल टनभार' ही जहाजाच्या एकूण बंदिस्त जागेवरून सूत्राने काढलेली एककरहित संख्या आहे. ती वजन दर्शवत नाही. बंदरांतील अनेक शुल्के आजही तिच्यावर आकारली जातात. युद्धनौकांच्या बाबतीत मात्र टनांचा आकडा बहुधा नौकेने बाजूला सारलेल्या पाण्याचे, म्हणजेच नौकेचे वजन सांगतो.

इतर अर्थ

मद्य किंवा बिअर तयार करण्याच्या मोठ्या पात्रालाही टन म्हणतात. भरडलेले मोड आलेले धान्य गरम पाण्यात भिजवण्याच्या पात्राचे 'मॅश टन' हे नाव स्कॉटलंडमधील व्हिस्कीच्या भट्ट्यांत आजही प्रचलित आहे. जर्मनीतील हायडेलबर्गच्या किल्ल्यातील १७५१ मध्ये बांधलेले सुमारे २ लाख २० हजार लीटरचे प्रचंड पिंप इंग्लिशमध्ये 'हायडेलबर्ग टन' म्हणून ओळखले जाते.

वातानुकूलन यंत्राच्या क्षमतेतील टन हा वजनाच्या टनावरून आला. ० अंश सेल्सिअस तापमानाचा एक अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळवण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता त्याच वेळात काढून घेण्याची क्षमता म्हणजे एक टन, अर्थात सुमारे ३.५ किलोवॉट. 'दीड टनाच्या' यंत्राचे वजन दीड टन नसते ते यामुळे.

खनिज तेलाचे बॅरल ४२ अमेरिकी गॅलनांचे, म्हणजे सुमारे १५९ लीटरचे असते. हे माप जुन्या टिअर्सएवढे आहे. पेनसिल्व्हेनियातील तेल उत्पादकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते स्वीकारले. अशा सहा बॅरलांचा एक जुना टन होतो.

महाराष्ट्राशी संबंध

मराठीतील 'पीप' किंवा 'पिंप' हा शब्द पोर्तुगीज 'पीपा' या शब्दावरून आला आहे. मापश्रेणीतील अर्ध्या टनाचे 'पाइप' हे नाव आणि हा पोर्तुगीज शब्द एकाच कुळातील आहेत.

मराठ्यांच्या आरमाराविषयीच्या इंग्लिश साधनांत जहाजांचे आकारमान टनांत दिलेले असते. अठराव्या शतकातील इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने तीन डोलकाठ्यांचे गुराब सुमारे ३०० टनांचे, दोन डोलकाठ्यांचे १५० टनांपर्यंतचे आणि गलबते क्वचितच ७० टनांहून मोठी असे वर्णन केले आहे. हे आकडे जहाजांची भारवाहक क्षमता सांगतात. त्यांची तुलना आधुनिक युद्धनौकांच्या वजनी टनांशी केल्यास चुकीचा निष्कर्ष निघतो. वाडिया घराण्याने मुंबईत बांधलेल्या सागवानी जहाजांचा टनभारही, उदाहरणार्थ १८१७ मध्ये जलावतरण झालेल्या 'ट्रिंकोमाली'चा, ९४ ने भागण्याच्या वरील जुन्या सूत्राने काढलेला आहे.

पात्राच्या मापाचे आणि वजनाचे नाव एकच असण्याचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. धान्य मापताना बारा पायल्यांचा एक मण आणि वीस मणांची एक खंडी होत असे, तर वजनातही वीस मणांची खंडी होती. यांची प्रत्यक्ष मूल्ये स्थळानुसार बदलत. मुंबईत २८ पौंडांचा मण धरून खंडी ५६० पौंडांची होई, म्हणजे चार खंडींचा एक ब्रिटिश टन भरे. पश्चिम किनाऱ्यावरील जहाजांची क्षमताही खंडींत सांगितली जाई. कापसाच्या बाजारात खंडी आजही प्रचारात असून ती सुमारे ३५६ किलोग्रॅमची असते.

सद्यस्थिती

द्रवमापनाचे एकक म्हणून टन-पिंप आता कोठेही नित्य वापरात नाही. मद्याची वाहतूक बाटल्या, पोलादी टाक्या आणि कंटेनर यांतून होते. ओकची पिंपे मुख्यतः मद्य मुरवण्यासाठी वापरली जातात. जुन्या मजकुरातील टनाचा अर्थ लावताना माल द्रव असल्यास २५२ गॅलनांचे पिंप, जहाज असल्यास जागा किंवा क्षमता आणि घन माल असल्यास वजन, असा सर्वसाधारण क्रम उपयोगी पडतो. गॅलनचे मूल्य मात्र देश आणि काळ पाहून ठरवावे लागते.

हेही पाहा

खंडी
गॅलन
बॅरल
मेट्रिक टन
जहाजाचा टनभार
गुराब